कम्प्युटरवाल्या काकू

अमरावतीत साईनगरला खोली बघायला गेले, तेव्हा काकूंनी मला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, स्वयंपाक करणार की डबा लावणार तेही विचारलं नाही. दारातच उभं ठेवून माझ्या खांद्यावरच्या बॅगेकडे बघत त्या म्हणाल्या, "लॅपटॉप हाय का त्याच्यात?"

"हो."

"कोणती सिस्टिम चालते त्याच्यावर?"

मी तेल्हाऱ्याची. गणितात एम. एस्सी. करून नुकतीच एका ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले होते. लॅपटॉपवर काय चालतं, याचा विचार मी कधी केलाच नव्हता. दुकानदारानं जे घालून दिलं ते चालत होतं. मी तसं सांगितलं. काकूंनी मागं वळून आत बसलेल्या काकांना सांगितलं, "पोरगी चांगली हाय. तिले काईच माहीत नाही."

अशी मला वरची खोली मिळाली आणि माझं शिक्षण सुरू झालं.

काकू तेव्हा साठीच्या आसपास होत्या. बारीक, उंच, सुती पातळाचा पदर कंबरेला खोचलेला, चष्मा दोरीनं गळ्यात. बाकीच्या बायकांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो तिथं यांचा स्क्रू ड्रायव्हर. नोकरी टेलिफोन खात्यात झालेली. त्यांच्या ऑफिसात पहिल्यांदा कम्प्युटर आले तेव्हा त्यांना हळदकुंकू वाहून नारळ फोडला होता, आणि कितीतरी दिवस त्या खोलीत लोक चपला बाहेर काढून जात. काकू सांगत, "सारे हात जोडून उभे होते. म्या साहेबाले म्हटलं, झाकण उघडून दाखवा ना, आत काय हाय. साहेब असा पाहाले लागला जशी काय म्या देवाची मूर्तीच उलटी करून मांगतली."

पुढे त्यांनी घरी एक जुना कम्प्युटर आणला. बडनेरा स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर तेव्हा एक मासिक मिळायचं, त्याच्याबरोबर सीडी फुकट यायची. त्या सीडीत लिनक्स होतं, विंडोजच्या जागी चालवता येणारी सिस्टिम. ती सिस्टिम कम्प्युटरवर चढवताना काकूंनी आधीचं सगळं पुसून टाकलं, स्वतःचं आणि काकांच्या पेन्शनचंही, आणि तीन रविवार खपून पुन्हा उभं केलं. त्यांच्या भाषेत, त्या दिवसापासून त्या 'सुधरल्या'.

मी गेले तेव्हा मागच्या खोलीत तीन कम्प्युटर होते. त्यांना नद्यांची नावं होती. सगळ्यांत दणकट ती पूर्णा. पंख्याचा खळखळ आवाज करणारी ती सिपना. आणि भातकुलीकडून येणाऱ्या कुण्या नातेवाइकानं टाकून दिलेली, चालली तर चालली नाही तर नाही, ती पेढी. "पेढीले आज पाणी नाही," असं काकू म्हणाल्या की ती सुरू होत नाहीये, एवढं समजायचं.

काकूंची मतं ठाम होती आणि ती ऐकण्यासाठी वेगळं काही विचारावं लागत नसे. सकाळी मी कपडे वाळत घालत असले तरी खालून सुरू व्हायचं. लॅपटॉपनं माझ्या मर्जीविरुद्ध स्वतःला अपडेट करायला घेतलं आणि माझी प्रश्नपत्रिका अडकली, तर त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आता तू पोळ्या लाटून राहिली, अन् कोणी घरात घुसून म्हणते, थांब बाई, मी तुही चूल बदलतो. चालन काय तुले? मंग हे कावून चालते?"

जुन्या विंडोज एक्सपीबद्दल मात्र त्या हळुवारपणे बोलत, लिनक्सच्या असूनही. "लय सुधी होती थे. बोलावलं त यायची, नाही त आपल्या जागी बसून राह्यची. नंतरच्या साऱ्या आगाऊ. न बोलावता मधातच येतात अन् म्हणतात, काही मदत करू काय?"

फोटो आणि फायली इंटरनेटवर कुठंतरी साठवून ठेवणं त्यांना साफ नामंजूर. "आपली डाळ शेजारणीच्या डब्यात ठेवाची, अन् वरण लावाच्या टायमाले तिचं दार वाजवत बसाचं. ती माहेरी गेली असन मंग?"

माऊस त्या क्वचितच वापरत. काळ्या पडद्यावर हुकूम लिहायच्या. मला ते कधी जमणार नाही असं मी म्हटलं, तर त्यांनी विचारलं, "हॉटेलात गेल्यावर तू फोटोवर बोट ठेवून पोहे मांगतं का बोलून मांगतं?"

"बोलून."

"मंग अठी कायले बोट दाखवतं? बोल त्याच्याशी."

आणि मी बोलायला शिकले. माझ्या लॅपटॉपवर काकूंनी लिनक्स चढवलं. पहिला महिना मी चिडचिड केली, दुसऱ्या महिन्यात गप्प बसले, आणि पुढच्या उन्हाळ्यात तेल्हाऱ्याला गेले तेव्हा माझ्या भावालाच शेजारणीच्या डाळीचं सांगत बसले.

त्यांचा कीबोर्ड ऑफिसच्या लिलावातला होता, जाडजूड, खटाखट वाजणारा. दर उन्हाळ्यात गच्चीवर कुरड्या घातल्या की काकू त्याच्या सगळ्या कळा उपटून काढायच्या, रिठ्याच्या पाण्यात धुवायच्या आणि सुपात जुनं धोतर अंथरून उन्हात वाळत ठेवायच्या. एकदा कुरड्या उचलू लागायला आलेल्या शेजारच्या वहिनींनी सुपात वाकून बघितलं आणि विचारलं, "काकू, हे कायचे सांडगे होत?" काकू अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "एबीसीडीचे."

या सगळ्यात काका कुठं होते? काका व्हरांड्यात होते. आयुष्यभर परतवाड्याच्या बसवर ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसत, समोर काच असल्यासारखे. त्यांना यंत्रांशी वैर नव्हतं आणि प्रेमही नव्हतं. पण जावयानं त्यांना टच स्क्रीनचा मोबाइल आणून दिला, आणि काका त्यात रमले. सकाळी गुलाबाच्या फुलावर 'सुप्रभात' लिहिलेलं चित्र कुणाकडून यायचं, ते काका सगळ्या गोतावळ्याला पाठवायचे. मलाही. मी खाली उतरले की विचारत, "गुलाब भेटला का वं?"

काकूंकडे स्वतःचा बटणांचा साधा फोन होता. काकांच्या मोबाइलला त्या हात लावत नसत. "ज्याचं झाकण उघडत नाही ते भांडं म्या घरात घेत नाही," असं त्या म्हणत. त्याची बॅटरी काढता येत नाही, हा त्यांना सगळ्यांत मोठा अपमान वाटे.

एकदा काकांनी टीव्हीही तसाच मागितला, इंटरनेट चालणारा. काकू नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी त्या टीव्हीच्या अटी आणि शर्ती शोधून काढल्या आणि पूर्ण संध्याकाळ काकांसमोर बसून मराठीत अर्थ सांगत वाचल्या. मी जिन्यात बसून ऐकत होते. शेवटी काका म्हणाले, "एवढं त आपल्या लग्नात भटजीनंबी वाचलं नव्हतं. अन् तवा तू मुकाट्यानं बसली होती."

"तवाच वाचाले पाह्यजे होतं," काकू म्हणाल्या.

टीव्ही आला. त्याला इंटरनेट मात्र कधी जोडलं गेलं नाही.

काकांच्या मोबाइलला कुलूप होतं. पडद्यावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवून रेघ काढली की उघडायचं. अकोल्याहून मुलगी आली की तिचा लहानगा आजोबांच्या फोनवर खेळ उघडून बसायचा, म्हणून त्यांनी ते लावलेलं. शेजारच्या वहिनी एकदा म्हणाल्या, "नवरा-बायकोत कायचं कुलूप, काकू? पाहून घ्याले पाह्यजे तुमी." काकू म्हणाल्या, "घरात आपलेच लोक असतात. मंग न्हाणीले कडी कावून लावतं?"

दुपारी चहाच्या वेळी मी बहुतेक खालीच असायचे. त्या वेळेची मला फार आठवण येते. मागच्या खोलीत खटाखट चाललेली, सिपनाचा पंखा खळखळतोय, गॅसवर आलं घातलेला चहा. काका व्हरांड्यातून उठून यायचे, एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर काकूंची रक्तदाबाची गोळी. "घे वं, कम्प्युटरवाले," म्हणायचे. काकू पडद्यावरची नजर न हलवता तोंड उघडायच्या. काकांचा एक दिवस चुकला नाही. काकू मला काकांबद्दल कौतुकानं सांगत, "यायची आठवण पाह्य. माह्या पूर्णेले नाही एवढी."

संक्रांत होऊन गेली होती. काका सकाळी दूध आणायला निघाले आणि फाटकापाशीच खाली बसले. शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. काकू मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन होत्या आणि रस्ताभर त्यांनाच सांगत होत्या, कोणत्या वळणावर कसं वळायचं, जसं काही काकाच गाडी चालवत आहेत. ते परत आले नाहीत.

तेरवी झाल्यावर पाहुणे पांगले. मुलगी राहिली होती. काकांचा मोबाइल फ्रिजवर पडलेला होता. कुणाकुणाचे फोन येत म्हणून मुलीनं तो चार्ज करून ठेवलेला. दुपारी मी खाली आले होते, काकू ओट्यापाशी भांडी पुसत होत्या, आणि मोबाइल वाजायला लागला. मुलगी फोन समजून उठली. पण तो गजर होता. पडद्यावर, कुलूप न उघडताच, गजराखाली काकांनी लिहिलेले दोन शब्द दिसत होते. मुलीनं ते मोठ्यानं वाचले. "हिची गोळी."

काकू वळल्या. हातातलं पातेलं कोरडं झालं तरी त्या पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे मशीनच होतं. मले वाटे, यायले आठवते."

त्या दिवशी गोळी त्यांनी घेतली की नाही, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी उतरले तर काकू फ्रिजजवळ स्टूल टाकून बसलेल्या होत्या. मोबाइल वाजला. त्यांनी तो थोडा वेळ वाजू दिला, मग गोळी घेतली आणि मागच्या खोलीत गेल्या. पुढं रोज तसंच. ज्या वस्तूला त्यांनी कधी हात लावला नव्हता, ती त्या रोज स्वतः चार्जिंगला लावायच्या. वीज गेली की त्या पूर्णा बंद करायच्या आणि तिच्या यूपीएसच्या बॅटरीवर मोबाइल जोडून ठेवायच्या. त्यांना भीती होती ती एकच. फोन पुरता बंद पडला तर चालू झाल्यावर आधी कुलूप उघडून मागेल, आणि उघडल्याशिवाय गजर होईल की नाही, याची खात्री नाही.

मुलीला फोन उघडायचा होता. त्यात बापाचे फोटो होते, बापानं नातवासाठी बोलून ठेवलेलं काहीबाही असेल, असं तिला वाटत होतं. ती पुढच्या खेपेला अकोल्याहून आली तेव्हा दोघींचं वाजलं. मी जायला निघाले, तर काकूंनीच हात धरून बसवलं.

"आई, तुले सारं येते. लोकाइचे कम्प्युटर तू उघडून देतं. बाबाचा फोन नाही उघडत?"

"उघडता येणं अलग, अन् उघडणं अलग. त्यायनं कुलूप लावलं होतं. जिते होते तवा म्या कधी विचारलं नाही. आता विचारू कोणाले?"

"तुह्या तत्त्वापायी माह्या बापाचा आवाज मले भेटणार नाही काय?"

मुलगी रडली नाही, आवाजही चढवला नाही. तिनं फक्त पिशवी उचलली आणि ठरल्यापेक्षा आधीच्या बसनं अकोल्याला निघून गेली. त्यानंतर तिचे फोन कमी झाले. काकू चहा करताना दोन कप जास्त टाकायच्या आणि मग मला म्हणायच्या, "पी तू."

उन्हाळ्यात मोबाइलची पाठ फुगली. आतली बॅटरी फुगत होती, आणि काकूंना त्याचा अर्थ माझ्यापेक्षा चांगला कळत होता. तसाच ठेवला तर पेट घेईल. त्या दोन दिवस त्या फोनकडे नुसत्या बघत होत्या. मग त्यांनी मला नवी बॅटरी मागवायला सांगितली, माझ्या नावावर, कारण खरेदीच्या कुठल्याही साइटवर त्यांचं खातं नव्हतं. आणि मुलीला फोन केला. "ये," एवढंच म्हणाल्या. "तुह्या बाबाचा फोन उघडाचा हाय. एकटीच्यानं होत नाही."

मुलगी आली. जेवणाच्या टेबलावर काकूंनी पांढरं फडकं अंथरलं. न उघडणारं झाकण कसं उघडायचं, ते त्यांनी आधी वाचून ठेवलं होतं. गुडघे शेकायच्या रबरी पिशवीत गरम पाणी भरून ती फोनच्या पाठीवर ठेवली, गोंद मऊ केला आणि कडेनं प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवली. मुलीनं फोन धरला होता. झाकण सुटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पाह्य, उघडते. लोक उगीच म्हणतात, उघडत नाही." फुगलेली बॅटरी काढून त्यांनी गच्चीवर वाळूच्या घमेल्यात नेऊन ठेवली. नवी बसवली. फोन चालू झाला आणि त्यानं ठिपके दाखवले.

मुलगी आईकडे बघत राहिली. काकूंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"वरून खाली जाय," त्या म्हणाल्या. "मंग आडवी. मंग परत वर."

मुलीला क्षणभर कळलंच नाही. "तुले माहीत होतं?"

"समोरच बसत होते ना रोज. म्या मान फिरवायची. पण दिसते, बाई. एवढ्या वर्षांत दिसतेच."

"मंग एवढे महिने..."

"माह्यासाठी उघडणार नव्हती मी. पण तू त्यायची पोरगी होय. तुह्यासाठी त्यायनं कुलूप नव्हतं लावलं." एवढं बोलून त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. तिथून भांड्यांचा आवाज यायला हवा होता, तो येत नव्हता.

मुलीनं रेघ काढली. फोन उघडला. ती बराच वेळ बोट फिरवत राहिली. मी दुसरीकडे बघत होते. शेवटी आतून काकूंनी विचारलं, "काय हाय वं त्याच्यात?"

"गुलाब हायेत, आई," मुलगी म्हणाली. तिचा आवाज ओला होता आणि ती हसत होती. "नुसते गुलाब. हजारभर असतीन."

स्वयंपाकघरातून काकूंच्या हसण्याचा आवाज आला. काका गेल्यापासूनचं ते पहिलं हसणं. मग त्या बाहेर आल्या आणि मुलीच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. फोटो होते, पण थोडेच, आणि अर्ध्यांवर काकांचा अंगठा आलेला. नातवासाठी बोलून ठेवलेलं एक मिळालं. त्यात काका बसचा हॉर्न तोंडानं वाजवून दाखवत होते. ते त्या दोघींनी पुन्हा पुन्हा ऐकलं, आणि मी वर निघून आले.

फोन मुलगी अकोल्याला घेऊन गेली. काकूंनीच दिला. गजर त्यातून काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. तो आता अकोल्यात वाजायचा, आणि वाजला की मुलगी अमरावतीला आईला फोन करायची. काकूंचा बटणांचा फोन दुपारी वाजायचा, त्या उचलून म्हणायच्या, "घेतली वं बाई," आणि मग दोघी पुढं बराच वेळ बोलत बसायच्या. काकू तिला लिनक्सचं महत्त्व सांगत. ती काही ऐकत नसे.

पुढं माझं लग्न झालं आणि मीही अकोल्यालाच आले. अमरावतीला जाणं व्हायचं, पण आधीसारखं नाही. गेले की काकू आधी माझा लॅपटॉप तपासायच्या, मग मला. मागच्या पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा उशाजवळच्या मॉनिटरकडे बोट दाखवून त्यांनी मला विचारलं, त्याच्यावर कोणती सिस्टिम असावी, असं तुले वाटते? मी म्हटलं, लिनक्सच असेल. त्या खूश झाल्या. खरंखोटं मला माहीत नव्हतं. चारआठ दिवसांत त्या गेल्या.

साईनगरचं घर रिकामं करताना मुलीनं पेढी आणि सिपना एका शाळेला दिल्या. पूर्णा तेवढी अकोल्याला आणली आणि मला बोलावून घेतलं. "तुले तिची भाषा येते. मले काही येत नाही. पासवर्ड मांगन ना ते?"

मांगनच, मला खात्री होती. काकूंचा पासवर्ड मी कधी पाहिला नव्हता, पण ऐकला होता. रोज सकाळी मागच्या खोलीतून येणारी ती लांबलचक खटाखट, एखादी पूर्ण ओवी लिहावी तेवढी. पासवर्डशिवाय त्या कम्प्युटरचं काहीच आपल्या हाती लागणार नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं होतं. मुलीला निराश करायचं नाही म्हणून मी ते बोलले नाही. तिच्या हॉलमध्ये आम्ही पूर्णा जोडली. बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. पांढरी अक्षरं भराभर वर सरकली. मी कीबोर्डवर हात ठेवून थांबले.

पूर्णेनं काहीच विचारलं नाही. ती सरळ उघडली. साधा निळा पडदा, डावीकडे चार फोल्डर, आणि त्यांतल्या पहिल्यावर मुलीचं घरातलं नाव.

दवाखान्यात जायच्या आधी कधीतरी, अंगात ताप असताना, काकूंनी बसून ती कुलपं काढून टाकली असणार. त्यासाठी बरेच हुकूम लिहावे लागतात. मला माहीत आहे, मला येतं ते.

मुलीनं माझा हात कीबोर्डवरून बाजूला केला आणि स्वतः माऊस धरला. कुठं दाबायचं ते तिला ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. ती त्या नावावर बाण आणून थांबली होती.

"आईनं उघडं ठेवलं वं," ती म्हणाली.